आवाज तेवढा कमी कर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे माईक आणि स्पीकर लावायला बोलावताहेत. मी विचारलं, ‘‘किती खुर्च्या आहेत?’’ तिकडून उत्तर आलं, ‘‘भोंग्या, लावायला नाही, बोलायला ये.’’ गेली चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडापुढे माईक धरला. स्वतः ‘हॅलो, माईक टेस्टिंग, एक-दोन-तीन’ यापलीकडे कधी गेलो नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

बोलायचं कशावर, तर ‘सध्या काय करतोस’ यावर. मी म्हणालो, सध्या मी हळू आवाजातलं संगीत ऐकतो. संयोजकांना वाटलं भजनं. भजनं नाहीत. काय आहे ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

१९८० सालचं आपलं स्नेहसंमेलन काहींना आठवत असेल. माझ्या काकांचं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं, म्हणून रेकॉर्ड लावायचं काम माझ्याकडे. मुलींचा नाच सुरू झाला आणि मी ४५च्या गतीची तबकडी ३३वर लावली. गाणं बाईचं, आवाज पुरुषाचा, आणि चाल अशी, जणू कोणी गिरणेच्या गाळातून पाय ओढत चाललं आहे. मुली हात वर करून तशाच उभ्या. सगळं सभागृह हसतंय. मी घाबरून गती बदलायची सोडून आवाजाचं बटण फिरवलं, आणि तेही उलट्या बाजूला! मराठीच्या बाई पडद्यामागून आल्या. मला वाटलं आता कान पिळणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘चुकलं तर चुकलं. आवाज तेवढा कमी कर.’’

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमचं ते वाक्य माझ्या कानात शिरायला चाळीस वर्षं लागली.

दहावीनंतर मी काकांच्या दुकानातच बसलो. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक सायकल. यावल, रावेर, चोपडा, एरंडोल. लग्नसराईत कुठे गेलो नाही ते विचारा. भोंगा निंबाच्या झाडावर बांधायचा आणि त्याचं तोंड शेजारच्या गावाकडे करायचं. लग्न या गावात, पण कळलं पाहिजे त्या गावात. मग कॅसेट आली, सीडी आली, डीजे आला. भोंग्याच्या जागी बेसचे डबे आणि सायकलच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली. गिऱ्हाईकाची मागणी एकच, ‘‘छाती हालली पाहिजे भो.’’ आणि मी हलवून द्यायचो. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या लग्नात मी वाजवलं आणि त्यांच्या मुलांच्या हळदीतही मीच वाजवलं.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम मला तोंडपाठ होते. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. तोंडपाठ होते, कारण ते चुकवायचे असायचे.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. लग्नं नाहीत, मिरवणुका नाहीत, रस्त्यावर गाड्या नाहीत. रात्री अंथरुणावर पडलो तर खोलीत रातकिडा. बायकोला उठवलं, कपाट सरकवलं, माळा पाहिला. ती म्हणाली, ‘‘मला तर काही ऐकू येत नाही.’’ तीन रात्री आम्ही तो किडा शोधला. चौथ्या रात्री लक्षात आलं, किडा माझ्या कानात आहे.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. रेघ बरीच सरळ चालते आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांच्या कानाची ती खूण. बारीक, उंच आवाज माझे गेले होते. म्हणून बायको ‘साखर संपली’ म्हणायची आणि मला ‘आखर अंपली’ ऐकू यायचं. आम्ही त्यावरून भांडायचो. मी म्हणायचो, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस.

डॉक्टरांनी समजावलं, आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाने ते तंतू वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. फार मोठा आवाज फार वेळ पडला, की पेशी मरतात. आपल्याला हे सांगायला नको; वादळात केळीची बाग आडवी झालेली आपण पाहिली आहे. पण केळीला खालून निदान पिलं फुटतात. कानाला ती फुटत नाहीत. हिशेबही त्यांनी सांगितला. ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन. १०० डेसिबलला फक्त पाव तास. आमच्या डब्यांपुढे १०० म्हणजे काहीच नाही, आणि आम्ही तिथे सहा-सहा तास उभे.

‘आम्ही’ म्हणालो, कारण मी एकटा नव्हतो. माझ्याकडे एक मुलगा सोळाव्या वर्षी कामाला आला, धुळ्याकडचा. डब्यांच्या सर्वांत जवळ तो उभा राहायचा, कारण वायर सुटली तर लावायला कोणीतरी लागतंच. मी निदान मिक्सरपाशी असायचो, लांब. माझी तपासणी झाल्यावर त्यालाही घेऊन गेलो. तिशी नुकती ओलांडलेली आणि त्याची रेघ माझ्यापेक्षा खोल. घरी येताना मोटरसायकलवर आम्ही एक शब्द बोललो नाही. कानाचं मशीन मी घेऊन दिलं, पण त्याने हिशेब मिटत नाही हे मला कळतं. आज हा माईक तोच सांभाळतो आहे. त्याला विचारून मी हे सांगतोय.

बेसचे डबे मी २०२२मध्ये विकले. फार मोठं मन झालं म्हणून नव्हे. कर्जाचे हप्ते संपले होते आणि गिऱ्हाईक चालून आलं. सहा महिने आधी विकायला हवे होते, दहा वर्षं आधी विकायला हवे होते, हे मी आता म्हणू शकतो. आता आम्ही सभा, व्याख्यानं आणि शाळांचे कार्यक्रम करतो.

आता संगीताकडे येतो. डॉक्टर म्हणाले होते, रात्री पूर्ण शांततेत झोपू नका. हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा, म्हणजे कानातल्या आवाजावरचं लक्ष उडेल. मी टेबलफॅन लावायला लागलो. जळगावच्या उन्हाळ्यात ठीक, पण डिसेंबरात बायको कुडकुडायला लागली. पुण्यात शिकणारी आमची मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, पंखा नको. मी पाठवते ते लावा. पण आवाज अगदी कमी ठेवा.’’

तिने पाठवलं ते ब्रायन ईनो या इंग्रज माणसाचं १९७८चं ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. पहिला भाग सतरा मिनिटांचा. पियानोचे चार सूर येतात, जातात. पुन्हा येतात. मी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसलो. सतरा मिनिटांनी कळलं, गाणं होऊन गेलं. दुकानात लावलं तर आमचा गडी म्हणाला, ‘‘हाई काय शे भाऊ, मशीन बिघडी गयं का?’’

मी मुलीला फोन करून म्हणालो, हे काय पाठवलंस? तेव्हा तिने मला या ईनोची गोष्ट सांगितली. १९७५मध्ये त्याला गाडीचा अपघात झाला आणि तो घरी पडून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्प नावाच्या तारवाद्याची तबकडी लावून दिली आणि ती गेली. मग त्याच्या लक्षात आलं, की आवाज फार कमी आहे आणि एक बाजूचा स्पीकर बंदच आहे. उठायची ताकद नाही. बाहेर पाऊस. तसाच पडून राहिला, आणि ते सूर पावसात मिसळून ऐकू यायला लागले, खोलीतल्या उजेडासारखे. त्यातून त्याला सुचलं, की समोर येऊन उभं न राहणारं, आपल्याभोवती असणारं संगीत करता येईल. त्याला त्याने ‘अ‍ॅम्बियंट’ नाव दिलं. आपण भोवतालचं संगीत म्हणू.

एक बंद स्पीकर आणि कमी आवाज! माझ्या धंद्यात याला तक्रार म्हणतात आणि पैसे कापतात. पण मीही तेव्हा त्याच्यासारखाच अंथरुणावर पडून, फुटक्या कानाने ऐकत होतो. गोष्ट मला लागली. त्या रात्री मी पुन्हा लावलं, गाण्याची वाट न बघता.

त्यातला दुसरा भाग कसा केलाय ते ऐका. माणसाच्या गळ्यातला एकेक लांब सूर घेऊन त्याच्या टेपची माळ केली, म्हणजे टोकाला टोक जोडलं, की तो सूर फिरून फिरून येत राहतो. एक माळ साडेतेवीस सेकंदांनी फिरते, दुसरी जवळजवळ सव्वीस सेकंदांनी, तिसरी तीस सेकंदांनी. त्यामुळे सूर दर वेळी वेगळ्या जोडीने भेटतात. आपल्याला हे नवं नाही. अखाजीला एकाच निंबाला तीन झोके बांधलेले असतात. दोर लहान-मोठे, म्हणून झोक्यांची गती वेगळी. कधी दोन झोके बरोबर वर जातात, कधी तिन्ही चुकतात. झाडाखाली बसून ते बघत राहिलं तर दुपार कशी गेली कळत नाही. कोणी विचारत नाही, यात गोष्ट काय आहे?

तरी मी मुलीला म्हणालो, हे गोऱ्यांचं खूळ आहे. ती म्हणाली, ‘‘पप्पा, तंबोरा कोणाचा?’’ मी गप्प.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून जवारी काढतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. त्या दोऱ्याच्या जागेवर सगळी आस अवलंबून. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. एवढासा सुताचा धागा आणि तारेतून मधमाशांचं मोहोळ उठतं. आपण तंबोरा मागे ठेवतो आणि गाणं पुढे. १९७०मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले. अब्दुल वहीद खाँसाहेबांचे ते शिष्य. तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. एकच सूर तासन्‌तास धरून त्याच्या आत काय काय आहे ते ऐकायचं, ही त्यांची साधना. किराणा म्हटलं की आपल्याला भीमसेनजी आठवतात, हिराबाई आठवतात. त्याच घराण्याची एक वाट तिकडे गेली, हे मला साठीच्या जवळ आल्यावर कळलं.

आणि अहमदाबादचं ऐकून तर मी उठूनच बसलो. अहमदाबाद म्हणजे नवजीवन एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि उतरायचं. तिथल्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. मूग सिंथेसायझर आला. तो लावून द्यायला अमेरिकेतून डेव्हिड ट्यूडर आला. हा ट्यूडर म्हणजे तोच, ज्याने १९५२मध्ये जॉन केजची ती प्रसिद्ध रचना पहिल्यांदा सादर केली: पियानोसमोर चार मिनिटं तेहेतीस सेकंद बसायचं आणि एकही पट्टी दाबायची नाही. लोकांनी सभागृहातलाच आवाज ऐकायचा. आणि या केजला भारतीय संगीत कोणी शिकवलं? गीता साराभाईंनी. विक्रम साराभाईंची बहीण. पखवाज वाजवणाऱ्या. १९४६मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी केजला आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून तिकडचं शिकल्या. संगीत कशासाठी, असं केजने विचारलं तेव्हा मन शांत व्हावं म्हणून, असं आपल्या गुरूंचं सांगणं त्यांनी त्याला सांगितलं.

अहमदाबादच्या त्या स्टुडिओत गीताबेनसह अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी जे केलं, त्याच्या टेपा नंतर संस्थेतच पडून राहिल्या. लंडनचे पॉल पर्गस यांनी त्या शोधून साफसूफ करून घेतल्या आणि २०२३मध्ये १९६९ ते ७२ या काळातल्या त्या टेपांचा अल्बम निघाला. त्यात एका तुकड्याचं नावच आहे, ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’. मी एकेकाळी तंबोरा वाजवला होता. मी भोंगे बांधायला शिकत होतो त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, आपल्या शेजारच्या राज्यात ही माणसं एकेक सूर कापून, जोडून, उलटा करून बघत होती.

आजही हे संगीत करणारे बहुतेक जण मोठ्या कंपनीचे नाहीत. घरातल्या खोलीत, स्वतःच्या पैशाने करतात. कोणी शंभर कॅसेट काढतो. हो, कॅसेट! मी भंगारात दिल्या त्याच. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी थेट त्यांच्याकडून विकत घेता येतं. बऱ्याचदा लिहिलेलं असतं, जमेल ते द्या. आपल्या दारात पहाटे वासुदेव यायचा तसंच. सूप भरून द्या किंवा मूठभर. मी महिन्याला दोन तरी घेतो. सगळी आवडतात असं नाही. काही तर खरंच मशीन बिघडल्यासारखी असतात. पण मी आता लगेच बंद करत नाही. दहा मिनिटं देतो. दहा मिनिटांत त्या आवाजाला सरावलो, तर पुढे जातो.

ज्यांना ऐकून बघायचं असेल त्यांना माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगतो. आवाज पंख्यापेक्षा थोडा कमी ठेवा. खिडकी उघडी ठेवा. स्थायी-अंतरा शोधू नका. हातात काम असलं तरी चालतं; भाजी निवडता निवडता उत्तम ऐकू येतं. माझी आई जात्यावर बसायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जात्याची घरघर हा तिचा तंबोरा आणि वरून ओवी. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी अशाच कामातून आली, हे बाईंनीच आपल्याला शिकवलं होतं. तेव्हा आपल्यापैकी कोणाला हे ऐकणं नवीन आहे असं मला वाटत नाही. आपण ते बंद केलं होतं. बरंचसं मीच बंद केलं.

शेवटचं एक सांगतो आणि वाजवून दाखवतो. आपल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, व्हरांड्यात तारेने टांगलेला. आता विजेची बेल आहे. तो तुकडा सामानाच्या खोलीत पडून होता. मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेऊन मागच्या आठवड्यात सकाळी सात वाजता आम्ही तो पुन्हा टांगला. शिपाईमामांच्या मुलाने एक टोला दिला आणि माझ्या गड्याने तो रेकॉर्ड केला. मग मुलीने सांगितल्याप्रमाणे आम्ही तो चौपट हळू केला. १९८०ची माझी चूक, या वेळी मुद्दाम. चौपट हळू केलं की आवाज दोन सप्तकं खाली उतरतो. दहा सेकंदांची आस चाळीस सेकंद चालते. रुळाच्या पोटात किती सूर होते, ते एकेक करून बाहेर येतात.

पण मला दुसरंच काही ऐकू आलं. टोल्याची आस विरत आली तेव्हा मागून एक आवाज, ओल्या बासरीसारखा, थांबून थांबून. मी गड्याला विचारलं, हे काय? त्यालाही माहीत नाही. मुलीला पाठवलं. ती म्हणाली, ‘‘पप्पा, चिमण्या आहेत. व्हरांड्यातल्या.’’

चिमणीचा आवाज ४००० हर्ट्झच्या आसपास, माझ्या विहिरीतला. चौपट हळू केल्यावर तो १०००वर आला, जिथे माझा कान अजून शाबूत आहे. रेकॉर्ड करताना त्या डोक्यावर ओरडत होत्या आणि आम्हा दोघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. किती वर्षांनी ऐकल्या, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी ते पुन्हा पुन्हा लावलं. तो काही बोलला नाही. जाताना म्हणाला, ‘‘भाऊ, उद्या आपला अंगणमा लावूत.’’ आता आम्ही रोज सकाळी कुठे ना कुठे मोबाईल ठेवून रेकॉर्ड करतो आणि हळू करून ऐकतो, आपण काय काय गमावलं होतं ते.

संध्याकाळी आपला गाण्यांचा कार्यक्रम आहे. नाचा, खुशाल नाचा. स्पीकर आमचेच आहेत, आणि या वेळी बटण योग्य बाजूला फिरवलेलं असेल. चाळिशी-पन्नाशीनंतर एकदा कान तपासून घ्या, ही विनंती. घरी हळदीचा कार्यक्रम असेल तर डब्यांपासून पोरांना लांब उभं करा. आणि वायर लावणारा जो मुलगा असतो, त्याच्याकडे एकदा बघा.

आता पंखे दोन मिनिटं बंद करतो. खिडक्या उघड्याच राहू द्या. बाई, आवाज कमीच ठेवला आहे.

लाव रे.